मैदानावरून परतलेला मुलगा

आमच्या जबलपुरात तळ्यांची नावे पुष्कळ आणि तळी थोडी. राणी दुर्गावतीचे ते राणीताल, तिचा मंत्री अधारसिंह याचे ते अधारताल आणि राणीच्या एका चेरीने, म्हणजे दासीने, बांधविले ते चेरीताल, अशी येथील परंपरागत समजूत आहे. पैकी आमच्या चेरीतालचे पाणी केव्हाच बुजले असून त्या जागी आता घरांची दाटी झाली आहे. नवा पाहुणा "तळे कोठे आहे?" असे विचारतो, तेव्हा आम्ही पायाखालच्या जमिनीकडे बोट दाखवितो. वाचकहो, आज ज्या गोष्टीविषयी आपणांशी बोलावयाचे आहे, तीही काहीशी अशीच बुजविलेली आहे.

आमच्या गल्लीत एक मराठी कुटुंब राहते. त्यांचा मुलगा सोळा वर्षांचा. हॉकीत त्याचा हात चांगला, म्हणून दोन वर्षांपूर्वी परगावच्या एका क्रीडा-वसतिगृहात त्याची निवड झाली. निघण्याच्या दिवशी गल्लीतील बायकांनी त्याला ओवाळले, आजोबांनी घरोघर खव्याची जिलेबी वाटली. गेल्या दिवाळीत तो सुटीवर आला तेव्हा हातभर उंच झाला होता. पण त्याचे काहीतरी बिनसले होते. स्टिक दाराआड पिशवीतच राहिली. जेवायला बसला की पान कोणी ओढून नेईल अशा घाईने तो चार घास गिळी व उठे. नरक चतुर्दशीला आई तेल लावायला आली, तर सदरा काढीना. "मी आता लहान नाही," म्हणाला. वयात आलेल्या मुलाचा संकोच, असे समजून सर्वांनी ते सोडून दिले.

भाऊबीजेच्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे फराळाला गेलो होतो. तेथे तो एकाएकी म्हणाला, "मी परत जाणार नाही." कारण विचारले तर बोलेना, बोलण्याऐवजी त्याचे डोळे भरून आले. त्यावर आजोबा म्हणाले, "अरे, पुरुषासारखा पुरुष तू! मैदान गाजवायचं तर थोडं सोसावं लागतं. बायकांसारखा रडतोस काय?" आजोबा काही कठोर मनुष्य नव्हेत. नातवावर त्यांचा जीव आहे. मी समोरच चिवड्याची बशी घेऊन बसलो होतो, आणि मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याची मला नंतर फार लाज वाटली, कारण नेमके हेच वाक्य मी माझ्या घरात, माझ्या मुलास, पूर्वी एकदा ऐकविले होते. त्याचा दिवस आणि तारीखही सांगता येते.

ती रात्र १३ मार्च १९९६ ची. कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर विश्वचषकाचा उपान्त्य सामना चालू होता. आमच्या पुढच्या खोलीत दूरचित्रवाणी संचासमोर शेजारपाजारचे दहाबारा लोक दाटीवाटीने बसले होते. श्रीलंकेने २५१ धावा केल्या होत्या. सचिन तेंडुलकर ६५ धावांवर बाद झाला आणि मग जे घडले ते ज्यांनी पाहिले ते विसरणार नाहीत. १ बाद ९८ वरून आपला संघ ८ बाद १२० वर कोसळला. प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, बाकांना आगी लावल्या. सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी खेळ थांबविला, पुन्हा सुरू करून पाहिला आणि अखेर सामना श्रीलंकेस बहाल केला. त्या वेळी खेळपट्टीवर विनोद कांबळी उभा होता, १० धावांवर नाबाद. तो डोळे पुसत मैदानाबाहेर आला. यंत्राने त्याचा चेहरा जवळून दाखविला. तो हुंदके देत होता.

आमच्या खोलीत कोणीतरी म्हणाले, "बघा, बघा, रडतोय!" आणि सगळे हसले. मीही हसलो. माझा मुलगा त्या वेळी दहा वर्षांचा होता. त्याच्याही डोळ्यांत पाणी होते. मी त्याला म्हणालो, "पुरुषानं रडायचं नसतं. बायकांसारखा रडलास तर असंच हसं होतं." त्याने बाहीने डोळे पुसले. त्यानंतर आजतागायत मी त्याला रडताना पाहिलेले नाही. त्याची आई गेली त्या दिवशीही तो गच्चीवर निघून गेला आणि तासाभराने कोरड्या डोळ्यांनी खाली येऊन तिरडीचे बघू लागला. लोकांनी त्याच्या धीराचे कौतुक केले.

ज्याला आम्ही हसलो तो मुलगा, कारण चोविसाव्या वर्षी मनुष्य मुलगाच असतो, कोण होता? १९८८ च्या फेब्रुवारीत शारदाश्रम शाळेकडून खेळताना तेंडुलकर आणि कांबळी या दोघा शाळकरी पोरांनी ६६४ धावांची अभेद्य भागी केली. त्यात तेंडुलकरच्या ३२६ होत्या आणि कांबळीच्या ३४९. १९९३ साली लागोपाठच्या दोन कसोटींत त्याने द्विशतके काढली: मुंबईस इंग्लंडविरुद्ध २२४ आणि दिल्लीस झिंबाब्वेविरुद्ध २२७. सतरा कसोटींत त्याची सरासरी ५४ च्या वर राहिली. पण कलकत्त्याच्या त्या रात्रीपूर्वी चार महिने, नोव्हेंबर १९९५ मध्ये, तो आपली शेवटची कसोटी खेळून चुकला होता. हे त्याला त्या रात्री ठाऊक नव्हते, आम्हांलाही नव्हते. एकदिवसीय सामन्यांत तो २००० सालापर्यंत अधूनमधून दिसत राहिला.

त्याच्या बेशिस्तीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि आपल्या मद्यपानाविषयी पुढे तो स्वतःच जाहीरपणे बोलला. त्या एका रात्रीच्या हसण्याने त्याचे आयुष्य बिघडले असे म्हणणे अर्थातच वेडेपणाचे होईल. माझे म्हणणे निराळे आहे. २२४ आणि २२७ या धावा आज किती जणांच्या लक्षात आहेत? रडणारा कांबळी मात्र सर्वांना आठवतो. डिसेंबर २०२४ मध्ये शिवाजी पार्कवर गुरुवर्य रमाकांत आचरेकर यांच्या स्मारकाच्या कार्यक्रमात तो खुर्चीवर थकलेला दिसला, त्याने तेंडुलकरचा हात घट्ट धरून ठेवला होता. ते चित्र घरोघरच्या फोनवर फिरले. त्यावर हळहळणारे होते, तसे थट्टा करणारेही होते. त्याच महिन्यात त्याला ठाणे जिल्ह्यातील रुग्णालयात ठेवावे लागले. मनुष्याच्या दुःखाकडे पाहून हसण्याची ही सवय आपल्याला कोठून लागली, याचा विचार मी त्या दिवसांत करीत होतो. आणि तरीही भाऊबीजेला मान डोलावली!

मराठी खेळाडूच्या अशा मानहानीचे याहून जुने एक उदाहरण आहे. १९७४ साली अजित वाडेकरांच्या नेतृत्वाखाली आपला संघ इंग्लंडला गेला होता. तीन वर्षांपूर्वी याच वाडेकरांनी वेस्ट इंडीज आणि इंग्लंड दोन्ही जिंकून आणले होते आणि देशाने त्यांना डोक्यावर घेतले होते. या खेपेस तिन्ही कसोटी हरलो. लॉर्ड्सवर तर सारा संघ ४२ धावांत आटोपला. त्या दौऱ्यात मुंबईचे सलामीचे फलंदाज सुधीर नाईक यांच्यावर लंडनच्या एका मोठ्या दुकानात मोजे चोरल्याचा आळ आला. गवगवा नको, प्रकरण लौकर मिटावे, म्हणून त्यांना गुन्हा कबूल करावयास सांगण्यात आले. त्यांनी तो कबूल केला. आणि ज्या गवग्याच्या भीतीने हे केले तो तर झालाच. सुनील गावसकरांनी पुढे आपल्या आत्मकथनात नाईकांची बाजू घेतली आणि त्यांना चुकीचा सल्ला दिला गेला असे स्पष्ट लिहिले. पण मोज्यांची ती गोष्ट नाईकांच्या नावास चिकटली ती चिकटलीच. बर्मिंगहॅमला त्यांनी आपल्या पहिल्याच कसोटीच्या दुसऱ्या डावात संघातर्फे सर्वाधिक ७७ धावा केल्या होत्या, हे सांगितले तर आजही लोक आश्चर्य करतात. सगळ्या मिळून तीनच कसोटी त्यांच्या वाट्यास आल्या.

वाडेकर परत आले तेव्हा त्यांच्या घरावर दगड पडले. पुढे पश्चिम विभागाच्या संघातूनही त्यांना वगळण्यात आले आणि त्यांनी खेळ सोडला. इंदूरला १९७१ च्या विजयाचे स्मारक म्हणून काँक्रीटची एक प्रचंड बॅट उभारली होती, तिला 'विजय बल्ला' म्हणतात. १९७४ च्या पराभवानंतर लोकांनी तिला काळे फासले. आमच्या मध्य प्रदेशातील ही गोष्ट असल्याने मला ती अधिक बोचते. हे दगड मारणारे आणि काळे फासणारे लोक आपल्यासारखेच नोकरीधंदा करणारे, मुलाबाळांचे होते.

आता मैदानाच्या आतली बाजू पाहा. बाहेरचा प्रेक्षक हसतो तो चार दिवस. पण संघातील सोबत्यांकडून जो छळ होतो तो रोजचा, आणि त्याचे नाव 'गंमत' असते. २०२२ साली युजवेंद्र चहल या फिरकी गोलंदाजाने सांगितले की, २०१३ मध्ये तो मुंबईच्या संघात असताना, बंगळूरच्या एका हॉटेलात दारूच्या नशेतील एका सहखेळाडूने त्याला पंधराव्या मजल्याच्या सज्जाबाहेर लोंबकळत धरले होते. चहलने त्याचे नाव घेतले नाही. ही हकीकत सांगावयास त्याला नऊ वर्षे लागली, आणि सांगतानाही तो ती एखाद्या मौजेच्या आठवणीसारखीच सांगत होता. २५ एप्रिल २००८ रोजी मोहालीच्या मैदानात हरभजनसिंगने श्रीशांतच्या मुस्कटात मारली. श्रीशांत रडला. हरभजनवर त्या मोसमाच्या उरलेल्या सामन्यांची बंदी आली हे खरे. पण देशभर विनोद झाले ते मारणाऱ्यावर नव्हे, रडणाऱ्यावर. २०२५ मध्ये हरभजनने एक आठवण सांगितली. श्रीशांतची लहान मुलगी भेटली असता त्याने तिच्याशी गोडीने बोलू पाहिले, तेव्हा ती म्हणाली की, तुम्ही माझ्या वडिलांना मारलेत, मी तुमच्याशी बोलणार नाही. या प्रकाराबद्दल हरभजनने अनेकदा जाहीर माफी मागितली आहे, आणि ती मनापासून असावी असे मला वाटते.

ही केवळ आपल्याकडची गोष्ट आहे असे नाही. अमेरिकेत मायामीच्या व्यावसायिक फुटबॉल संघात जोनाथन मार्टिन नावाचा खेळाडू होता. सव्वासहा फुटांहून उंच, तीनशे पौंडांहून अधिक वजनाचा. असा धिप्पाड मनुष्य २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये सोबत्यांच्या छळास कंटाळून भोजनगृहातून उठला आणि संघ सोडून निघून गेला. फेब्रुवारी २०१४ मध्ये चौकशीचा अहवाल आला. तीन सहखेळाडूंनी त्याचा, आणखी एका तरुण खेळाडूचा आणि संघाच्या एका साहाय्यक कर्मचाऱ्याचा सतत छळ केल्याचे त्यात निघाले. मार्टिनने हा छळ प्रशिक्षकांच्या कानावर घातला नव्हता. तो घरी आईवडिलांना संदेश लिहीत असे. देहाचा आणि या दुखण्याचा काही संबंध नाही, हे यावरून ध्यानात यावे.

वाचक म्हणतील, प्रशिक्षकांना सांगितले का नाही? याचे उत्तर धंद्यात आहे. कारकुनाचे मन ठीक नसेल तर तो रजेचा अर्ज टाकतो. खेळाडूची जागा अकरांतली एक. बाहेर दहाजण तीच जागा घेण्यास टपलेले असतात. गुडघा दुखतो म्हणण्याची त्याला चोरी, मग मन दुखते असे तो कोणत्या तोंडाने म्हणणार? इंग्लंडचा सलामीवीर मार्कस ट्रेस्कॉथिक फेब्रुवारी २००६ मध्ये वडोदऱ्याहून दौरा अर्धा सोडून मायदेशी परतला, तेव्हा घरगुती अडचण, विषाणूचा ताप अशी कारणे सांगण्यात आली. खरे कारण, म्हणजे मनाचा आजार, त्याने २००८ साली पुस्तक लिहून सांगितले. आपल्या विराट कोहलीनेही २०१४ च्या इंग्लंड दौऱ्यात आपण मनाने खचलो होतो, हे कबूल केले ते सात वर्षांनी. तोवर त्याच्या नावावर इतकी शतके जमा झाली होती की दुबळा म्हणण्याची कोणाची छाती नव्हती. शतके नसलेल्या सोळा वर्षांच्या पोराने काय करावे?

येथे एक आक्षेप येईल आणि तो मी टाळू इच्छीत नाही. आमच्या एका वृद्ध स्नेह्यांनी तो मजपाशी घेतलाच. ते कोल्हापूरकडचे, तरुणपणी लाल मातीत लोळलेले. म्हणाले, "आम्ही नाही का हौद्याची माती उकरली? वरच्या पोरांची अंगं नाही का रगडली? म्हणून काय आम्ही मोडलो?" गोष्ट खरी आहे. तालमीत नव्या पोराला कष्ट पडतात, बोलणीही खावी लागतात. पण तेथे जे काम करावयाचे ते सर्वांस ठाऊक असते, सर्वांसमक्ष होते आणि वस्तादाच्या नजरेखाली होते. ज्याचे अंग तुम्ही रगडता तोच सकाळी तुम्हांला डाव शिकवितो. देणेघेणे आहे. वसतिगृहात रात्री दिवे गेल्यावर, वस्ताद झोपल्यावर जे चालते त्यात शिकविणे नसते, नुसते घेणे असते. मी स्नेह्यांना विचारले, "तुमच्या तालमीत वस्ताद बाहेरगावी गेले की काय व्हायचे?" ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ते निराळं."

जबलपूरच्या वाचकांस कदाचित ठाऊक असेल की, हॉकीतील थोर खेळाडू रूपसिंह यांचा जन्म आमच्या याच गावचा, १९०८ सालचा. मेजर ध्यानचंदांचे ते धाकटे बंधू. १९३२ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली, तेव्हा आपल्याजवळ धड कपडे नाहीत, परदेशी लोकांत कसे जावे, म्हणून ते जाण्यासच तयार नव्हते, अशी हकीकत सांगतात. थोरल्या भावाने त्यांची टर उडविली नाही. त्यांनी पदरच्या पैशाने कपडे शिवून दिले. त्या स्पर्धेत अमेरिकेविरुद्ध आपण २४ गोल केले, त्यांपैकी १० रूपसिंहांचे होते, थोरल्या भावाहून दोन अधिक. हे उदाहरण देताना मला असे सुचवायचे नाही की, प्रेमाने वागविलेला प्रत्येक मुलगा दहा गोल करील. न करो बापडा. पण लाजेपायी घरीच बसू पाहणारा मुलगा बोटीवर चढला, तो कशामुळे, एवढेच पाहावे.

आता त्या मुलाकडे वळतो. भाऊबीजेनंतर दोन दिवस घरात अबोला होता. तिसऱ्या रात्री त्याच्या आईने त्याला जेवायला वाढले आणि स्वतः त्याच्याजवळ पाट घेऊन बसली. "तुला कोणी त्रास देतं का?" असे तिने विचारले नाही, ते आधी सर्वांनी विचारून झाले होते आणि प्रत्येक वेळी "नाही" असेच उत्तर आले होते. तिने विचारले, "तिकडे रात्री जेवताना तुझ्या शेजारी कोण बसतं रे?"

तो म्हणाला, "कोणी नाही. आम्ही उभ्यानं जेवतो. मोठ्या मुलांचं झालं की."

त्या एका उत्तरामागून बाकीचे आले. धाकट्यांनी मोठ्यांचे कपडे धुवायचे. चुकलेल्या प्रत्येक पासबद्दल रात्री मांडीवर स्टिकचा एक तडाखा. त्याला सगळे एका मुलीच्या नावाने हाक मारीत, कारण पहिल्या महिन्यात घरची आठवण येऊन तो रडला होता. कोच साहेबांना कळले तर निवडीच्या चाचणीत नाव येणार नाही, असा दम. हे सर्व त्याने वर्षभर सोसले होते आणि म्हणत होता की, त्याचे त्याला फारसे काही वाटेनासे झाले होते. तो परत जाऊ इच्छीत नव्हता याचे कारण निराळेच होते. या वर्षी नवी मुले आली. मोठ्यांनी त्याच्या हातात स्टिक दिली आणि एका तेरा वर्षांच्या पोराकडे बोट दाखविले. त्याने मारले. ते पोर रडले तेव्हा सगळे हसले, आणि हाही हसला. भाऊबीजेच्या दिवशी त्याचे डोळे भरून आले होते ते हे आठवून.

मला त्याच्या आईने हे सांगितले तेव्हा मी बराच वेळ गप्प राहिलो.

ज्या घरांतील मुले खेळासाठी, शिक्षणासाठी दूर राहतात त्यांस काही गोष्टी सांगण्याचे मी धाडस करतो. मुलगा फोनवर सोबत्यांची नावे घेत नसेल, खर्चास वारंवार पैसे मागत असेल, अंग दाखविण्यास लाजत असेल, आवडता खेळ विनाकारण टाळत असेल, तर त्याच्या खेळाची चौकशी बाजूला ठेवून त्याच्या दिवसाची चौकशी करावी. खोलीत किती जण, दार आतून लागते का, कपडे कोण धुते, अशी साधी विचारपूस. तो सांगू लागला की मध्ये बोलू नये; "मग तू उलट का नाही मारलंस?" हा प्रश्न तर मुळीच विचारू नये, कारण तो प्रश्न त्याने स्वतःस हजार वेळा विचारलेला असतो. तक्रार तोंडी न करता लेखी करावी आणि प्रत जवळ ठेवावी. शक्य तर इतर पालकांना सोबत घ्यावे, म्हणजे एकट्या मुलावर रोष येत नाही. १८ वर्षांखालील मुलाच्या शरीराशी लैंगिक स्वरूपाची आगळीक झाली असेल, तर २०१२ चा बालसंरक्षणाचा कायदा मुलगा-मुलगी असा भेद करीत नाही, हे पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. मुलांच्या साहाय्यासाठी १०९८ हा क्रमांक आहे. मनाच्या त्रासासाठी शासनाने ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' ही सेवा चालविली आहे. १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी, आपल्या भाषेत, विनामूल्य बोलता येते. दात दुखल्यावर दंतवैद्याकडे जाण्यात आपण कमीपणा मानीत नाही.

सुधीर नाईकांविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली. ज्या मनुष्याचे नाव एका परक्या शहरात मोज्यांपायी मातीत गेले, त्याने खेळाकडे पाठ फिरविली असती तर कोणी दोष दिला नसता. त्यांनी मुंबईस नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये वर्षानुवर्षे मुले घडविली. श्रीरामपूरसारख्या लहान गावाहून आलेला जहीर खान त्यांच्यापाशीच आला, राहिला आणि वाढला. पुढे वानखेडेची खेळपट्टीही नाईकच राखीत. २०११ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना त्यांनी सिद्ध केलेल्या खेळपट्टीवर झाला आणि त्या संघात जहीर होता. ५ एप्रिल २०२३ रोजी नाईक वारले.

आमच्या गल्लीतील मुलाच्या वडिलांनी वसतिगृहाच्या प्रमुखांस पत्र लिहिले आहे. आणखी दोघा पालकांनी त्यावर सह्या केल्या. तिसऱ्यांनी, निवड जवळ आली आहे, म्हणून नकार दिला. मला त्यांचा राग येत नाही. चौकशी चालू आहे, तिचे काय होते ते पाहावयाचे. त्या तेरा वर्षांच्या पोराच्या घरचा क्रमांक या मुलाने मिळविला आणि वडिलांना जवळ बसवून फोन केला. पोर प्रथम बोलावयास तयार होईना. दुसऱ्या वेळी बोलले. आजोबा आताशा रात्रीचे जेवण नातवाबरोबर, त्याच्या शेजारी बसून करतात. विशेष काही बोलत नाहीत. मुलगा अद्याप परत गेलेला नाही. संध्याकाळी मात्र दाराआडची पिशवी घेऊन तो राणीतालकडे जाऊ लागला आहे.

मीही परवा माझ्या मुलाला फोन केला. इकडचे तिकडचे झाल्यावर विचारले, "कलकत्त्याची ती श्रीलंकेची मॅच तुला आठवते का?"

"आठवते," तो म्हणाला. मग थोडे थांबून म्हणाला, "तुम्ही हसला होतात, बाबा."

मी म्हणालो, "हो, हसलो होतो. तेव्हा तुला जे बोललो ते चुकलं." त्यापुढे काय बोलावे ते दोघांसही सुचेना. त्याने विचारले, गुडघा कसा आहे, औषध वेळेवर घेता ना. महिनाअखेर चार दिवसांची रजा काढून येतो, म्हणाला.